किसनमामा आणि वरच्या खोलीतला कॉम्प्युटर

किसनमामा काळोखे आणि माझी ओळख भांडणानं झाली, आणि त्या भांडणात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मी तेव्हा उदगीरहून नुकतीच चाकणला आले होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी आमची कंपनी, आणि तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे. आठवडाही झाला नव्हता, तोच एका सकाळी सगळ्या ऑफिसचे कॉम्प्युटर एकदम आडवे झाले. मी धावत सर्व्हरच्या खोलीकडे गेले, तर दाराजवळच्या मेन स्विचला एक पितळी कुलूप लटकलेलं. कुलपाला लाल पत्र्याचं लेबल, त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटनं, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा सुबक अक्षरात: 'माणूस काम करत आहे. कि. बा. काळोखे.' आत स्टुलावर उभा राहून एक बुटका, टकला माणूस निवांत बोर्ड खोलत होता.

मला राग पटकन येतो. आला. तो मी आमच्या उदगीरकडच्या भाषेत जो काही व्यक्त केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. मामांनी मान वळवूनही पाहिलं नाही. काम संपवलं, खाली उतरले, हात पुसले, खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले की एसीचं पाणी बोर्डात चाललं होतं. मी हात लावला असता तर आज नोटीस बोर्डावर माझा फोटो लावायची वेळ आली असती, आणि माझा फोटो तर अजून ऑफिसात जमाच झालेला नाही.

दुपारी त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सरकवली. आमच्याकडची चटणी याहून तिखट असते, असं मी म्हटलं, तर ते तुमच्या बोलण्यावरूनच कळलं, असं मामा म्हणाले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची, मॅनेजरसुद्धा. मूळचे चऱ्होलीचे, बागायतदार घरातले. भाऊबंद जमिनींच्या व्यवहारात शिरून पांढऱ्या गाड्या फिरवू लागले तरी मामा आपले मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियनच राहिले. आडनाव काळोखे आणि काम लाइटीचं, यावरून त्यांना चिडवायचं प्रत्येक नव्या माणसाला सुचायचंच. मामा शांतपणे सांगायचे, मी लाइट घालवायचंच काम करतो, आणायचं काम वीज बोर्डाचं हाय.

आणि ते खरंच होतं. मशीनला हात लावण्याआधी तिची वीज तोडायची, स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. हा नियम सगळ्याच कारखान्यांत भिंतीवर लावलेला असतो. पाळतात किती, ते भिंतीलाच ठाऊक. मामांचा मात्र तो देव होता. पट्ट्याला पाच कुलपं कायम लटकलेली. चालताना असा आवाज यायचा की पोरं म्हणायची, मामांची बैलजोडी आली.

एकदा पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसला कुलूप लावून मामा जेवायला गेले. माल अडला, लाइन थांबली, मॅनेजर लालबुंद. मामांना बोलावणं पाठवलं, तर भाकरी संपल्यावर येतो, असा निरोप आला. मॅनेजरनं कटर मागवला. मामा तोंड पुसत आले ते थेट बाजूला हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, कापा साहेब, खुशाल कापा, पण आधी खालच्या खड्ड्यात डोकावून बघा. मॅनेजर डोकावला. खड्ड्यात कंत्राटाचा एक माणूस डोक्याखाली चिंध्यांचा बोळा घेऊन गाढ झोपला होता. मामांना तो तिथं आहे हे माहीत नव्हतं, हे त्यांनी मला पुढे खासगीत कबूल केलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या कुलपाला मॅनेजरच काय, माशीही शिवली नाही.

"मशीन मुकं असतंय," ते म्हणायचे. "त्याला म्हाईत न्हाई आत कोन हाय." आणि दुसरं वाक्य: "बंद दिसतंय म्हंजी बंद हाय असं न्हाई." ही दोन वाक्यं त्यांनी इतक्या वेळा ऐकवली की मी ती झोपेतही म्हणाले असते.

घरी तर विचारूच नका. पारूमामींच्या मिक्सरचं झाकण काढायचं तर आधी पिन काढून हातात धरायची. गीझर, पंप, पिठाची छोटी गिरणी, सगळ्यांना लाल लेबलं. मामी सांगायच्या की एकदा त्या पंख्याची पाती पुसत होत्या आणि पुसून उतरल्या तर बोर्डाला कुलूप, नवरा किल्लीसकट कंपनीत. दिवसभर घामाघूम होऊन बसल्या. मी मामांना जाब विचारला, तर ते म्हणाले, कुलूप तिनं लावायला पाहिजे होतं, तिचं तिला वेगळं दिलंय. खरंच दिलं होतं. मामींच्या मंगळसूत्रात एक बारकी किल्ली होती, ती मी स्वतः बघितली आहे.

घर चऱ्होलीच्या जुन्या गावठाणालगत, खाली दोन खोल्या आणि चौदा पायऱ्या चढून वर एक. खाली मामींचं पाळणाघर चालायचं. आजूबाजूला इमारती उगवल्या, त्यात नोकरी करणाऱ्या बायका आल्या, त्यांची दीड-दोन वर्षांची डझनभर पिल्लं मामींकडे. वरची खोली मामांची. तिथं त्यांचा कॉम्प्युटर.

या कॉम्प्युटरात काय होतं, ते सांगायला हवं. मामांनी नोकरीला लागल्यापासून दुरुस्त केलेल्या प्रत्येक बिघाडाची नोंद वह्यांत केली होती: कोणती मशीन, कसला आवाज, काय सापडलं, काय केलं. निवृत्त झाल्यावर त्या वह्या ते एका बोटानं टाइप करायला बसले. कॉम्प्युटर मीच निवडून दिला होता. भोसरी, चाकण, कुदळवाडी, कुठल्या कुठल्या शेडमधून पोरांचे फोन यायचे: मामा, मशीन वर जाऊन अडकते, मामा, गरम झाली की थरथरते. मामा म्हणायचे थांब, आणि कॉम्प्युटरातल्या नोंदींतून शोधून सांगायचे. नव्या मशीनचे कंपनीवाले येतात, पण जुन्या मशीनला कोण विचारतो? तिला मामा. सकाळचे दोन-तीन तास हा दरबार चालायचा आणि मामा त्यात इतके खूश असायचे की मामी म्हणायच्या, ह्यांना नोकरीत पगार उगीच दिला कंपनीनं.

मग मामांच्या छातीत कळ आली. हृदयाच्या एका नळीत स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी जिने बंद केले, एकही पायरी नाही म्हणाले.

मुलगा संदीप रावेतला राहायचा, उंच टॉवरात, लिफ्टच्या घरात. चांगला मुलगा, बापावर जीव असलेला. त्याला चाळीस कामं सोडून चऱ्होलीला धावत यावं लागत होतं. तो बापाला म्हणाला, दादा, आता दोघंही रावेतला चला. मामा नाही म्हणाले. मामीही. त्यांची पिल्लं होती. शेवटी तह असा ठरला की मामांनी पायरी चढायची नाही; चढताना एकदा जरी दिसले, तर दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात.

रावेतबद्दल मामांची तक्रार एकच होती, आणि ती त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितली. तिथं मेन स्विच सोसायटीच्या तळघरात आहे आणि त्याला कुलूप वॉचमनचं आहे. असल्या घरात माणूस डोळे मिटून झोपणार कसा?

आता कॉम्प्युटर खाली आणा, हे तुम्हाला सुचलं असेल. तेही केलं. पहिल्याच दिवशी एका पिल्लानं त्याच्या फटीतून मऊ वरणभात आत भरवला. साफ करून तो परत वर गेला.

म्हणून मी म्हटलं, मामा, तुम्ही खाली बसा. कॉम्प्युटर वरच राहू दे. त्याचा पडदा खाली टॅबवर दिसेल, बोटानं चालवता येईल. चालू करायलाही वर जायला नको. घरातल्याघरात, मोबाइलवरचं एक बटण दाबायचं. आपल्या राउटरमधून त्याला निरोप जातो आणि तो उठतो.

मामांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना देवळात चप्पल घालून चला म्हणाले होते. समोर माणूस नसताना मशीन चालू करायची? लांबून? मी म्हटलं, मशीन कसली, कॉम्प्युटर आहे, तो कुणाचा हात कापणार? दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी भोसरीच्या एका पोराला वेळेवर उत्तर न मिळाल्यामुळे त्याची मशीन जळाली, तेव्हा मामांचा फोन आला: "गुरुवारी या. बगू."

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. मी दिघीला राहते, तिथून चऱ्होली जवळ. गेले. पहिली अडचण, कॉम्प्युटर वायफायवर होता. असा निरोप पक्क्या वायरीवरून गेलेला बरा. वायर खालून वर न्यायची होती. मी म्हटलं खिडकीतून टाकू. मामांनी मला खिडकीतून टाकलं नाही एवढंच. चार दिवस लावून, वायरमनला दर फुटावर सूचना देऊन, त्यांनी भिंतीवरून पाइप नेला, सरळ रेषेत, क्लॅम्प मोजून. एक क्लॅम्प तिरपा लागला होता तो उखडून परत लावायला लावला. वायरमन मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, ह्यांना खरंच हार्टचा त्रास आहे ना? मला होईल.

पुढच्या गुरुवारी मी वर जाऊन कॉम्प्युटर चालू केला, त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये निरोप आला तर ऊठ अशी मुभा दिली, नीट बंद केला, खाली आले, मोबाइलवर बटण दाबलं. वर पंखा घुमला. टॅबवर पडदा आला. पिल्लांनी टाळ्या वाजवल्या, कारण मामींनी वाजवल्या. मामा म्हणाले, हं.

शुक्रवारी सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये असताना फोन: "न्हाई उठला."

मी म्हटलं, परत दाबा. परत दाबलं. नाही. गुरुवारी गेले, नेटवर्क कार्ड झोपू नये अशी सेटिंग बदलली, बंद केला, खाली येऊन दाबलं, उठला. शुक्रवारी: नाही. त्यापुढच्या गुरुवारी वायर बदलली. उठला. शुक्रवारी: नाही. राउटर बदलला. गुरुवारी उठला, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, सोमवारी नाही. हा कॉम्प्युटर होता की सुट्टीच्याच दिवशी उगवणारा पाहुणा? माझी नोकरी हीच, दोनशे कॉम्प्युटर मी रोज उठवते-झोपवते, आणि हा एक मला रडवत होता. मला त्याचा राग, माझा राग, आणि मामा शांत होते म्हणून मामांचा जास्त राग. मामांचं मत असं पडलं की तो मला ओळखतो.

बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या अकाउंट्सच्या बाई हे रोज ऐकायच्या. उठले का? नाही उठले? काल तर बरे होते ना? हलवून बघा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डोळ्यांत पाणी आणून मला आळंदीचा अंगारा दिला. कॉम्प्युटर आहे हे सांगायचा मला धीर झाला नाही. अंगारा मी खरोखरच कॉम्प्युटरला लावला. शुक्रवारी नाहीच उठला.

इकडे मामांच्या दरबारात फोन येतच होते. आणि मामा काय करत होते, ते मला ठाऊक नव्हतं. ते जिना चढत होते. मामी पिल्लांना जेवू घालण्यात गुंतल्या की एकेक पायरी, मधे थांबत. एका रविवारी संदीप न सांगता आला. बाप सातव्या पायरीवर कठडा धरून बसलेला, ओठ निळसर. त्यानं आरडाओरडा केला नाही, ते जास्त वाईट. त्यानं बापाला उचलून खाली आणलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "दादा, आता बास. येत्या शनिवारी टेम्पो सांगतोय."

हे मला मामींनी फोनवर सांगितलं. दोन पिल्लांच्या आयांना त्यांनी दुसरं पाळणाघर बघायला सांगूनही टाकलं होतं. चार गुरुवार मी चहा पीत, चकल्या खात सेटिंग बदलत बसले होते, आणि माझ्या त्या न उठणाऱ्या कॉम्प्युटरपायी त्या दोघांचं घर हातचं चाललं होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मंगळवारी सकाळी, न कळवता, साडेसातला मी चऱ्होलीला पोहोचले. गुरुवारी मी नेहमी दहाला जायची. एवढ्या लवकर मी ते घर कधी पाहिलंच नव्हतं.

मामा पडवीत विजेच्या पेटीसमोर उभे होते. पेटीत वरच्या खोलीचा वेगळा खटका होता, तो खाली पाडलेला, त्याला पितळी कुलूप, लाल लेबल. मामांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, खटका वर केला, कुलूप पट्ट्याला लावलं. मग मोबाइल काढून बटण दाबलं. वाट पाहिली.

"न्हाई उठत," ते मला म्हणाले, जणू मी रोज तिथंच उभी असते.

मी विचारलं, मामा, हे रोज करता? ते म्हणाले, अर्थात. झोपताना वरची लाइन तोडायची, कुलूप घालायचं, सकाळी उघडायचं. वर माणूस नसताना वीज कशाला ठेवायची? मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, तुम्ही विचारलंत का, मॅडम? आणि खरंच, मी सगळं विचारलं होतं, हे सोडून. सकाळी उठून श्वास घेता का, असं कुणी विचारतं का?

मी त्यांना सांगितलं. कॉम्प्युटर बंद असला तरी त्याच्यातला एक बारका भाग जागा असावा लागतो. कुणीतरी हाक मारेल म्हणून तो कान लावून बसलेला असतो. त्याला चिमूटभर वीज लागते. तुम्ही खटका पाडला की तो भागही मरतो, आणि सकाळी वीज आली तरी कुणी एकदा हातानं चालू केल्याशिवाय परत कान लावत नाही. गुरुवारी मी आधी वर जाऊन हातानं चालू करते, म्हणून तो त्या दिवसापुरता उठतो. एवढंच आहे. आजपासून वरचा खटका पाडू नका. बास, सुटलं.

माझा आनंद मावत नव्हता. मामांच्या तोंडावर मात्र काहीच नव्हतं. ते म्हणाले, खटका पडणार.

मग मात्र मी भडकले. म्हटलं, मामा, तुम्हीच सांगता ना, बंद दिसतंय म्हणजे बंद आहे असं नाही. हे तसंच आहे. शनिवारी टेम्पो येतोय. मामींची पोरं जातील, तुमची खोली जाईल, भोसरीची पोरं बोंबलत बसतील, आणि तुम्हाला चिमूटभर विजेचं पडलंय? वर कोण आहे? कुणी नाही. मग कुणाला काय होणार आहे?

"तवाबी मला असंच वाटलं व्हतं," मामा म्हणाले. "आत कुनी न्हाई."

ते पडवीतल्या खाटेवर बसले आणि मला जे सांगितलं, ते कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे समजत होतो की मामा कधीतरी स्वतः मशीनमध्ये सापडता सापडता वाचले असतील, म्हणून एवढे जपतात. तसं नव्हतं. तरुणपणी भोसरीत एका छोट्या शेडमध्ये ते आणि नामदेव नावाचा त्यांचा जोडीदार कामाला होते. नामदेव प्रेसमध्ये हात घालून काहीतरी घट्ट करत होता. मामा शेडच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथून तो दिसत नव्हता. मशीन बंद दिसली, चालू करायची होती, बटण त्याच टोकाला होतं.

"मीच दाबलं," मामा म्हणाले. "लांबून."

नामदेवचा उजवा हात मनगटापासून गेला. पुढे त्यानं दिघीत पानटपरी टाकली, डाव्या हातानं विडे बांधायला शिकला. मामा दर गुरुवारी त्याच्याकडे पान खायला जायचे, तो जाईपर्यंत. त्यानं एका शब्दानं कधी बोल लावला नाही, असं मामा म्हणाले, आणि तेच पचायला जड होतं.

चार आठवडे मी या माणसाला सांगत होते की लांबून बटण दाबा, काही होत नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

आतल्या दारात पारूमामी एका पिल्लाला कडेवर घेऊन त्याच्या तोंडात पेज घालत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना ते आधीपासून ठाऊक असणारच. चमचा खरवडून त्यांनी पिल्लाचं तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात, बाजाराची यादी सांगावी तसं म्हणाल्या, "मग आधी हाक मारा की. नामदेवभावजींना मारली न्हाई, आता मारा."

मामांनी उठून मला वर पाठवलं, कॉम्प्युटर एकदा हातानं चालू करून नीट बंद करायला सांगितलं. मी खाली आल्यावर ते जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले, तोंड वर केलं आणि खणखणीत आवाजात ओरडले, "वर कोन हाय का? चालू करतोय!" आणि थांबले. तोंडातल्या तोंडात दहापर्यंत मोजलं. मग बटण दाबलं. कॉम्प्युटर उठला.

त्या रात्री वरचा खटका पडला नाही. मामी म्हणाल्या की ते तीनदा उठून बसले, पण पेटीकडे गेले नाहीत. बुधवारी सकाळी मी बसमध्ये फोन हातात धरूनच बसले होते. फोन आला. "उठला," मामा म्हणाले, आणि मी शेजारच्या अकाउंट्सच्या बाईंना मिठी मारली. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले.

शनिवारी संदीप टेम्पो घेऊन आला तेव्हा मामा खाटेवर टॅब मांडीत घेऊन बसले होते आणि फोनवर कुदळवाडीच्या एका पोराला त्याच्या मशीनचा कोणता नट सैल आहे ते सांगत होते. संदीप उभा राहून ऐकत होता. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करून दाखवा म्हणाला. मामा जिन्याच्या तळाशी गेले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच डझनभर पिल्लं त्यांच्या पायाशी गोळा झाली आणि एका सुरात बोबडं ओरडली, "वल कोन हाय का? तालू कलतोय!" संदीप हसत हसत तिथंच पायरीवर बसला. मग त्यानं डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्यानंतर दोन वर्षं मामा त्या घरात राहिले. जिना चढले नाहीत. वह्या सगळ्या टाइप झाल्या. गेले तेही तिथंच, खालच्या खोलीत, झोपेत. रावेतला त्यांना जावं लागलं नाही, याचं मला फार समाधान आहे, आणि त्यात माझा वाटा आहे असं मी चारचौघांत सांगत असते.

एक गोष्ट मात्र सांगत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं तो गुरुवार. मामी बाजारात गेल्या होत्या. मामा म्हणाले, मॅडम, एकदा वर नेता का? काही काम नाही. नुसतं बसून येऊ. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. चौदा पायऱ्या होत्या, मी धरलं असतं, दर पायरीला थांबलो असतो. पण मामींना आणि संदीपला मी शब्द दिला होता, आणि घाबरलेही होते. मी नाही म्हटलं. वरून कडकपणे म्हटलं, नियम म्हणजे नियम, मामा.

"बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांना राग आला नाही. उलट मला वाटतं त्यांना बरंच वाटलं, की पोरगी शिकली.

ते जिन्याच्या तळाशी गेले, एक हात कठड्यावर ठेवला, तोंड वर केलं. वर कोण आहे का, चालू करतोय, अशी हाक मारली आणि नेहमीसारखे थांबले. त्या रिकाम्या खोलीतून कुणी ओ देईल तर ऐकू यावं, म्हणून ते रोज तसे थांबायचे. मग, मोजायच्या आधी, ते आणखी काहीतरी बोलले. जरा हळू, जोडीदाराशी बोलावं तसं, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"मी खालीच हाय."

आणि त्यांनी बटण दाबलं.